तिसरी फेरी

शिवणबाईंनी दोन्ही हातांनी मूठ धरली आणि स्कूटरची बॅटरी वर ओढली. ती निघाली, पण उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की त्यांनी बॅटरी खाली ठेवली म्हणण्यापेक्षा सोडूनच दिली. फरशीवर ठक्क आवाज झाला.

"सावकाश, काकू," प्रशिक्षिका म्हणाली. "आधी बॅटरी, मग सीट, मग मधला खटका दाबून पुढचा भाग वेगळा. मागचा भाग सगळ्यात जड, तो शेवटी. सगळं एकदम उचलायला जाणारे लोक पुढच्या आठवड्यात कंबर धरून केंद्रात येतात."

"ही खांदा धरून येईल," खुर्चीतून क्रेनमास्तर म्हणाले. "कंबर माझ्याकडे आहे."

प्रशिक्षिका हसली. शिवणबाई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष टेबलावर पडलेल्या फॉर्मकडे होतं. फॉर्मवर वरपासून खालपर्यंत चौकोन होते आणि तळाशी दोन मोठे चौकोन. एकापुढे लिहिलं होतं, 'एकट्याने चालवण्यास योग्य'. दुसऱ्यापुढे काय लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं नव्हतं. वाचायची गरजच पडू नये, अशी त्यांची इच्छा होती.

साधन केंद्राच्या यादीत नाव लावून नऊ महिने झाले होते. चालता न येणाऱ्यांसाठीची ही बसून चालवायची बॅटरीची स्कूटर केंद्राची, वापरायला आपल्याकडे. आज तीन फेऱ्या नीट झाल्या तर ती इथेच राहणार होती, नाही तर परत टेम्पोत चढून यादीतल्या पुढच्या घरी जाणार होती.

शिवणबाई म्हणजे एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेल्या बाई. गल्लीतल्या निम्म्या बायकांना त्यांनी काजं करायला शिकवलेलं, त्यामुळे निवृत्त होऊनही हे नाव काही सुटलं नाही. क्रेनमास्तर त्यांचे यजमान. उंच इमारती बांधतात तिथे त्या इमारतींच्याही वर, लोखंडी मनोऱ्याच्या टोकावरच्या केबिनमध्ये बसून त्यांनी आयुष्य काढलं होतं. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी ते दाढी करता करता बाथरूमच्या दारात बसले ते हॉस्पिटलमधूनच उठले. डावा पाय अधू झाला. हात पुष्कळ सावरला. आणि डॉक्टरांनी शिवणबाईंना कॉरिडॉरमध्ये एका बाजूला घेऊन सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत, पण डाव्या बाजूचं चित्र मेंदूत उमटत नाही. दोन्ही डोळ्यांचं. नाकासमोर सरळ रेष धरली तर तिच्या डावीकडे काही नाही. काळोखसुद्धा नाही.

हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. क्रेनमास्तरांनाही नाही. ते स्वतःहून कधी काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना ठाऊक नसावं. सुरुवातीला ते डाव्या चौकटीला धडकत, हळूहळू तेही कमी झालं. शिवणबाई त्यांच्या डाव्या बाजूने चालू लागल्या, एवढंच. केंद्राच्या अर्जात 'दिसण्याची काही अडचण?' या ओळीपुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'वाचायला चष्मा'. ते खोटं नव्हतं.

"आता उलट क्रमाने जोडा," प्रशिक्षिका म्हणाली. "जोडून झालं की प्रत्येक सांधा एकदा हलवून बघायचा. खटका बसल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे."

शिवणबाईंनी जोडलं. शिवणयंत्राची बॉबिन बसवणाऱ्या हातांना खटक्यांची भाषा कळत होती. प्रशिक्षिकेने मागच्या चाकाजवळची पिवळी दांडी दाखवली.

"ही नीट बघून घ्या. ही खाली केली की मोटर सुटते आणि स्कूटर हाताने ढकलता येते. पण त्या वेळी ब्रेक नसतो. अजिबात नसतो. उतारावर ही दांडी खाली करायची नाही, आणि कोणी वर बसलेलं असताना तर नाहीच."

"नाहीच," शिवणबाई म्हणाल्या.

मग तिने पिशवीतून जोडसामान काढून टेबलावर मांडलं. काठी अडकवायचा होल्डर, पुढची टोपली, मागची नारिंगी झेंडी, हँडलवरच्या बटणांना पावसापासून झाकणारं पारदर्शक कव्हर, आणि एक आरसा.

"सामान टोपलीत ठेवायचं. सीटच्या पाठीला जड पिशवी टांगायची नाही, चढावर पुढचं चाक उचललं जातं. चढताना अंग पुढे झुकवायचं. फुटपाथच्या काठावर सरळ जायचं, तिरकं गेलं की तोल गेलाच. आणि काका, उठताना आणि बसताना किल्ली बंद. अंगठा चुकून खटक्यावर पडला तर स्कूटर तुमची वाट बघणार नाही."

"क्रेनही बघत नाही," क्रेनमास्तर म्हणाले.

"आरसा एकच मिळालाय. कुठे लावू? डावीकडे?"

"उजवीकडे," शिवणबाई म्हणाल्या. जरा घाईनेच.

प्रशिक्षिकेने मान वर केली. चाळिशीची बाई, केस बारीक कापलेले, हातावर कुठल्याशा जुन्या भाजल्याचा डाग. तिने आतापर्यंत शेकडो माणसांना अशा स्कूटरवर बसवलं असेल. "बहुतेक लोक डावीकडेच मागतात."

"यांना उजवीकडे बघायची सवय आहे."

"बरं." तिने आरसा उजवीकडे बसवला. "डोळ्यांचं काही नाही ना, काका?"

"वाचायला चष्मा," शिवणबाईंनीच उत्तर दिलं.

क्रेनमास्तर हँडलवरची वेगाची चकती फिरवून बघत होते. तिच्या एका टोकाला कासव होतं आणि दुसऱ्या टोकाला ससा.

घर तळमजल्यावर. दारापुढे दोन पायऱ्या, त्यांवर प्रशिक्षिकेने घडीची ॲल्युमिनियमची फळी टाकली. पुढे छोटं अंगण, फाटक, मग फुटपाथ. फुटपाथवर डावीकडे वळलं की शेजारच्या इमारतीची लांब भिंत. भिंतीत एकच खिंडार, तिथल्या पार्किंगचं तोंड. त्यापलीकडे पत्रपेटी. पत्रपेटीच्याही पुढे गेलं की निवृत्त कामगारांच्या क्लबची खोली, जिथे अकरा ते एक कॅरम चालतो.

शिवणबाईंनी ते अंतर मोजलेलं होतं. चारशे बारा पावलं. जाताना डावीकडे भिंतच भिंत, फक्त ते एक तोंड. तेवढ्या ठिकाणी कासवावर ठेवायला सांगितलं की झालं. येताना डावीकडे रस्ता येतो, हा विचार मनात आला की त्या तो उद्यावर ढकलत. अकरा ते एक. दोन तास. त्या दोन तासांत काय करायचं हेही त्यांनी ठरवलं नव्हतं. घरात कोणी हाक मारणार नाही, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि तेवढं पुरेसं वाटत होतं.

"पहिली फेरी माझ्याबरोबर," प्रशिक्षिका म्हणाली. "दुसरी काकूंबरोबर. तिसरी एकट्याने. प्रत्येक वेळी पत्रपेटीपर्यंत आणि परत."

पहिल्या फेरीत ती त्यांच्या डावीकडून चालली आणि सबंध वेळ बोलत होती. आता अंगठा सोडा, बघा, आपोआप थांबते. आता उजवा खटका. वळताना आधी वेग कमी, मग हँडल. शिवणबाई फाटकाला धरून उभ्या होत्या. पार्किंगच्या तोंडातून काही आलं नाही. परत येताना एक सायकल डावीकडून गेली, पण प्रशिक्षिका मध्येच "थांबा" म्हणाली होती. शिवणबाईंनी फाटकाची कडी सोडली तेव्हा तळहातावर तिचा वळ उमटला होता.

दुसऱ्या फेरीला त्या नेहमीप्रमाणे डावीकडे झाल्या आणि नेहमीप्रमाणे बोलत राहिल्या. समोरच्यांनी पडदे बदललेत, रंग काही बरा नाही. पाण्याच्या टाकीचं झाकण कालपासून उघडं आहे. धाकट्या बहिणीचा फोन आला होता, तिच्या सुनेला आता शिवणयंत्र हवंय, आणि सुई ओवता येत नाही. क्रेनमास्तर "हं" म्हणत होते. पार्किंगच्या तोंडाशी एक बाई मुलाची गाडी ढकलत बाहेर आली. तिला बघता बघता शिवणबाईंचं वाक्य अर्धं राहिलं, त्यांनी हँडलला बोट लावलं, आणि स्कूटर थांबली. बाई गेली. बोलणं पुन्हा सुरू झालं, स्कूटरही.

फाटकापाशी प्रशिक्षिकेने फॉर्मवर खुणा केल्या.

"एकही चूक नाही. फक्त काकू फार बोलतात."

"त्याला चाळीस वर्षं झाली," क्रेनमास्तर म्हणाले.

"तुम्ही कायम याच बाजूने चालता का हो काकू?"

"सवय," शिवणबाई म्हणाल्या.

"मग या फेरीत ती मोडू. मी उजवीकडून चालते. तुम्ही हवं तर मागून या, पण पाच पावलं मागे. हात लावायचा नाही, आणि तोंडातून शब्द नाही. नाही तर मला फेरी रद्द करावी लागेल. आजच्या यादीत अजून दोन घरं आहेत, पुन्हा घ्यायला वेळ नाही माझ्याकडे."

"शब्द नाही," शिवणबाईंनी कबूल केलं.

क्रेनमास्तरांनी किल्ली फिरवली. चकती कासवावर आणली. शिवणबाईंना वाटलं, आता हे काहीतरी बोलणार. पण त्यांनी अंगठा दाबला आणि स्कूटर निघाली. मागोमाग शिवणबाई निघाल्या. त्यांच्या चपलांच्या टाचा सैल होत्या, फुटपाथवर चट् चट् वाजत होत्या. तो आवाज त्यांना आज फार मोठा वाटत होता.

भिंत सुरू झाली. खांद्याएवढी भिंत. स्कूटरवर बसलेल्या माणसाला तिच्यापलीकडचं दिसणार नाही, आणि त्या बाजूचं तर या माणसाला दिसणारच नाही. प्रशिक्षिका उजवीकडून चालत होती, नजर क्रेनमास्तरांच्या अंगठ्यावर. फॉर्म हातात, पेन उघडं.

पार्किंगचं तोंड दहा पावलांवर आलं तेव्हा शिवणबाईंना भिंतीच्या वरून एक पांढरं छत सरकताना दिसलं. मालाची गाडी. विजेवरची असावी, कारण आवाज काहीच नव्हता. छत उलटं येत होतं. चालवणारा पाठ करून येत होता.

त्यांना हिशेब मांडावा लागला नाही, डोळ्यांनीच तो मांडला. स्कूटर या वेगाने, छत त्या वेगाने, दोन्ही त्या तोंडाशी एकाच वेळी.

तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. दोनच अक्षरं. ती उच्चारली की क्रेनमास्तर वाचणार होते आणि फेरी रद्द होणार होती. टेम्पो येणार होता, आणि उद्याची सकाळ कालच्यासारखीच असणार होती. त्यानंतरच्या सगळ्या सकाळीसुद्धा. कदाचित गाडीवाला थांबेल. कदाचित यांनी मान वळवलीच तर. शिवणबाईंनी ओठ मिटले.

पण पाय जागच्या जागी खिळले होते.

स्कूटर थांबली.

पार्किंगच्या तोंडापासून दोन हात अलीकडे. पुढच्याच क्षणी गाडीचं मागचं दार भिंतीआडून बाहेर आलं, फुटपाथ ओलांडून रस्त्यावर उतरलं, आणि चालवणाऱ्याने आरशात यांना बघून हात वर केला. तो ओशाळला होता. गाडी वळून निघून गेली.

"वा, काका." प्रशिक्षिकेने सोडलेला श्वास ऐकू आला. "माझ्या लक्षात यायच्या आत तुम्ही थांबलात. हेच बघायचं होतं मला." पेन फॉर्मच्या तळाकडे गेलं.

शिवणबाईंनी भिंतीला हात टेकला. झालं, त्यांच्या मनात आलं. झालं एकदाचं.

"काय बघायचं होतं?" क्रेनमास्तरांनी विचारलं.

"गाडी दिसल्याबरोबर थांबता का ते."

"गाडी मला रस्त्यावर उतरल्यावर दिसली. थांबलो तेव्हा नव्हती दिसली."

पेन थांबलं. "मग थांबलात का?"

"ही थांबली म्हणून." त्यांनी अंगठ्याने मागे दाखवलं. "चपला वाजायच्या बंद झाल्या."

प्रशिक्षिका वळून शिवणबाईंकडे बघू लागली. शिवणबाई फुटपाथकडे बघू लागल्या.

"आमच्या कामात अर्ध्याहून जास्त वेळा खालचं दिसतच नाही," क्रेनमास्तर सांगू लागले. नव्या माणसाला काम समजावून सांगताना असतो तसा त्यांचा आवाज. "मध्ये इमारत येते. खाली एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा असतो. तो म्हणत राहतो, खाली, खाली, खाली, खाली. न थांबता. तो 'थांब' म्हणेल याची वाट बघायची नसते. आवाज तुटला की आपण थांबायचं. त्याला ठेच लागली असेल, बॅटरी गेली असेल, काहीही. आवाज नाही म्हणजे रस्ता नाही." त्यांनी किल्ली बंद केली. "हिचं बोलणं चालू असतं तोवर मी निर्धास्त असतो. आज तुम्ही ते बंद केलंत, तर चपला होत्या."

"काका, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही?"

"नाकाच्या पलीकडे काही नाही. अकरा महिने झाले."

"तुम्हाला माहीत होतं?" शिवणबाईंच्या तोंडून निघालं. आता बोलायला काही हरकत नव्हती.

"अगं, जेवता जेवता डावीकडची भाजी उजवीकडे येते. ताट काय आपलं आपण फिरतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या मेहनतीने लपवत होतीस."

फुटपाथवरून एक माणूस कुत्र्याला घेऊन गेला. तिघांनी त्याला वाट दिली. मग प्रशिक्षिकेने फॉर्म स्कूटरच्या टोपलीवर ठेवून तो सरळ केला.

"एकट्याने चालवायचा चौकोन मी भरू शकत नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "खरं तर अर्जात हे न लिहिल्याबद्दल मी आत्ता स्कूटर घेऊन जायला हवी. पण दुसरा चौकोन आहे. 'सोबतीसह'. स्कूटर राहील, फक्त सोबतीशिवाय फाटकाबाहेर काढायची नाही. सोबत्याचं नाव आणि सही लागते. बाकी सगळं काकांना उत्तम जमतंय."

"मग झालं की," क्रेनमास्तर खुशीत म्हणाले. "ही आहेच."

प्रशिक्षिकेने पेन पुढे केलं. शिवणबाईंनी ते घेतलं, टोपली धरून त्या फॉर्मवर वाकल्या, आणि तशाच राहिल्या. ही आहेच. त्या दोन शब्दांत काही वाईट नव्हतं. प्रेमाने म्हटलेले होते.

"मला गाडी दिसली होती," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर थांबलीस."

"थांबायला तेवढे पाय थांबले. ओरडायला वेळ होता. मी ओरडले नाही."

"बोलायला मनाई होती तुला."

"त्यासाठी नाही." पेन त्यांच्या बोटांत फिरत होतं. "फेरी रद्द झाली असती. तुम्ही एकटे जायला हवे होतात मला. रोज दोन तास. म्हणून अर्जातही लिहिलं नाही."

प्रशिक्षिका दोन पावलं मागे सरली आणि झेंडीची काठी घट्ट बसली आहे की नाही ते तपासू लागली.

क्रेनमास्तर समोर बघत होते. शिवणबाई त्यांच्या डावीकडे, म्हणजे त्यांच्या लेखी नसलेल्या जागेत उभ्या होत्या. त्यांनी हळूहळू मान वळवली, मग मान पुरेना म्हणून खांदा वळवला, आणि बायको पूर्ण नजरेत येईपर्यंत ते वळत राहिले. बराच वेळ बघत राहिले. त्यांचा अंगठा बंद स्कूटरच्या खटक्यावर विनाकारण टेकला होता. तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला.

"त्या फॉर्मवर सोबत्याच्या किती ओळी आहेत?" त्यांनी विचारलं. प्रश्न प्रशिक्षिकेला होता, नजर हलली नव्हती.

"दोन. सगळे एकच भरतात."

"पहिलीत मिशीवाल्याचं घाला. चार घरं सोडून राहतो, अकराला याच रस्त्याने क्लबात जातो. सही करायला आत्ता बोलावतो."

"त्यांना समजावून सांगावं लागेल. डावीकडे राहायचं, आणि सतत बोलत राहायचं."

"मिशीवाल्याला?" क्रेनमास्तर म्हणाले. "त्याला बोलत राहा म्हणून सांगणारी पहिली माणसं आपण."

प्रशिक्षिकेच्या तोंडून हसू निसटलं. तिने पहिल्या ओळीपुढे पेन्सिलीने फुली केली. "आणि दुसरी ओळ?"

ही आहेच, असं क्रेनमास्तर पुन्हा म्हणाले नाहीत.

शिवणबाईंनी पेनाचं टोक कागदाला टेकवलं आणि दुसऱ्या ओळीत आपलं पूर्ण नाव लिहिलं, मुलींना कापडावर खडूने आखून दाखवत तशा सावकाश, गोलाईदार अक्षरात. सही केली. मग क्षणभर थांबून नावापुढच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'बुधवार सोडून'.

क्रेनमास्तरांनी फॉर्म उचलला, नजरेच्या उजव्या बाजूला धरून तिरका केला आणि वाचला.

"बुधवारी काय आहे?"

"काही नाही," शिवणबाई म्हणाल्या.